पक्षाघातातील मेंदूचे चयापचय प्रतिमांकन

मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडून पक्षाघाताचा झटका आला असता मेंदूच्या निरनिराळ्या भागांतील रासायनिक द्रव्यांचे प्रमाण नकाशाच्या रूपात दाखवणारी तपासणी. ती एमआरआय यंत्रावरच होते. शास्त्रीय भाषेत तिला प्रोटॉन चुंबकीय अनुस्पंदन वर्णपट प्रतिमांकन म्हणतात. तिच्यात क्ष-किरण वापरत नाहीत आणि शिरेतून रंगद्रव्यही द्यावे लागत नाही. नेहमीच्या एमआरआयमध्ये मुख्यतः ऊतकातील पाण्याचे चित्र उमटते. येथे पेशींच्या चयापचयातील द्रव्ये टिपली जातात.

गरज : मेंदूच्या १०० ग्रॅम ऊतकाला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त लागते. पुरवठा २० मिलिलिटरच्या आसपास घसरला की चेतापेशींचे काम बंद पडते आणि १० च्या जवळ आला की त्या मरू लागतात. या दोन मर्यादांमधल्या पेशी निकामी दिसतात, पण जिवंत असतात. अशा भागाचे ‘पेनम्ब्रा’ हे नाव ॲस्ट्रुप, सीस्यो व सायमन यांच्या १९८१ च्या लेखाने रूढ केले. उपचारांचा सारा खटाटोप हा भाग वाचवण्यासाठी असतो. मोठी रक्तवाहिनी बंद पडल्यास मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा जेफ्री सेव्हर यांचा २००६ चा अंदाज आहे.

गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत देतात. मात्र नाश सर्वांच्या मेंदूत सारख्याच वेगाने होत नाही. पर्यायी वाहिन्यांतून रक्त मिळत राहिले तर ऊतक बराच काळ तग धरते. म्हणूनच निवडक रुग्णांत बऱ्याच उशिरानेही नळी घालून गुठळी काढणे फायद्याचे ठरते, हे ‘डॉन’ (२४ तासांपर्यंत) व ‘डिफ्यूज ३’ (१६ तासांपर्यंत) या चाचण्यांनी २०१८ पर्यंत दाखवून दिले. झोपेतच झटका आलेल्या रुग्णाची तर नेमकी वेळच कळत नाही. अशा वेळी किती ऊतक जिवंत आहे, हे ऊतकालाच विचारावे लागते.

तत्त्व : हायड्रोजनचा अणू ज्या रेणूत असतो त्यानुसार त्याच्या संदेशाची कंप्रता किंचित बदलते. कंप्रतेनुसार संदेश वेगळे केले की वर्णपट मिळतो आणि त्यातील प्रत्येक शिखर विशिष्ट द्रव्याचे असते. एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट (एनएए) मुख्यतः चेतापेशींत असते, म्हणून ते त्यांच्या सुस्थितीची खूण मानतात. क्रिएटिन ऊर्जेच्या देवघेवीशी, तर कोलीनयुक्त द्रव्ये पेशीपटलांशी निगडित असतात. निरोगी मेंदूत लॅक्टेट इतके थोडे असते की त्याचे शिखर सहसा दिसत नाही. प्राणवायू तुटला की ग्लुकोजचे विघटन अर्धवट राहते आणि काही मिनिटांतच लॅक्टेट साचू लागते.

पक्षाघातातील वर्णपट : बाधित भागात वर्णपटाच्या कंप्रता-मोजपट्टीवर १.३ पीपीएमपाशी (दशलक्षांश) लॅक्टेटचे जोडशिखर उभे राहते. प्रतिध्वनिकाल (अणू चेतवल्यापासून संदेश टिपेपर्यंतचा काळ) सुमारे १४० मिलिसेकंद ठेवल्यास ते उलटे, आधाररेषेखाली दिसते. त्याच जागी येणाऱ्या मेदाच्या संदेशापासून ते वेगळे ओळखण्यास ही खूण उपयोगी पडते. २ पीपीएमपाशी असलेले एनएएचे शिखर मात्र एकदम कोसळत नाही, ते तासांगणिक उतरते. लॅक्टेट वाढलेले पण एनएए टिकून असलेले ऊतक धोक्यात असले तरी वाचण्याजोगे असू शकते. एनएए बरेच घटले असेल तर चेतापेशींची हानी झालेली असते. मात्र एकट्या लॅक्टेटवरून निदान करता येत नाही, कारण जुन्या व्रणात जमलेल्या भक्षकपेशींमुळेही ते आढळते. पाणी व एनएए यांच्या शिखरांमधील अंतरावरून मेंदूतील त्या जागेचे तापमानही काढता येते.

इतिहास : त्रिमितीय रासायनिक प्रतिमांकनाची पद्धत ब्राउन, किंकेड व उगुर्बिल यांनी १९८२ मध्ये मांडली. १९८९ मध्ये ब्रून, फ्राम व सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या रुग्णांचे स्थानबद्ध प्रोटॉन वर्णपट प्रसिद्ध केले. पुढची अडचण वेग आणि बारकावा यांची होती. इलिनॉय विद्यापीठातील फॅन लॅम व झी-पेई लियांग यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या गणिती पद्धतीने ती बरीच सुटली. तिच्या आधारे तीव्र पक्षाघातात सुमारे आठ मिनिटांत २×३×३ मिलिमीटर इतक्या बारकाव्याचे नकाशे काढल्याचा अहवाल २०२० मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात आला.

मर्यादा : चयापचयद्रव्यांचे प्रमाण पाण्यापेक्षा हजारो पटींनी कमी असल्याने संदेश फार क्षीण असतो. जुन्या पद्धतींत घन सेंटिमीटरएवढ्या ठोकळ्याची सरासरी मिळे आणि लहान व्रण त्यात हरवून जाई. डोक्याच्या त्वचेखालील मेदाचा संदेश लॅक्टेटवर चढतो. कवटीच्या तळाजवळ व रक्तस्रावाच्या जागी चुंबकीय क्षेत्र विषम होऊन वर्णपट बिघडतो. अस्वस्थ रुग्णाची हालचालही चित्र खराब करते.

उपचारातील स्थान : आज उपचाराचा निर्णय सीटी, विसरण-एमआरआय व रक्तप्रवाहाचे नकाशे यांवर घेतला जातो. चयापचय प्रतिमांकन अद्याप मुख्यतः संशोधनात वापरले जाते. त्याआधारे रुग्ण निवडल्यास परिणाम सुधारतात, हे मोठ्या चाचण्यांतून सिद्ध व्हायचे आहे. प्रवाहाचे नकाशे रक्त किती पोहोचते ते सांगतात. ते न पोहोचल्याने पेशींचे काय झाले, हे या तपासणीतून कळते, आणि तेच तिचे खरे मोल आहे. मात्र वेळेत आलेल्या रुग्णाचे औषध तिच्यासाठी एक मिनिटही अडवू नये.