जुन्या केसपेपरचं मोल: चीनपासून महाडपर्यंत

"डॉक्टर, माझ्या जावेला या गोळीने लगेच फरक पडला, मलाही तीच लिहून द्या." दवाखान्यात हे वाक्य नेहमी ऐकू येतं. पण एका रुग्णाच्या अनुभवावरून दुसऱ्याचा उपचार ठरवता येतो का? हा प्रश्न फार जुना आहे.

इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात चीनमध्ये चुन्यू यी नावाचे वैद्य होते. तुम्ही कोणाला बरं केलंत आणि आजार कसा ओळखलात, अशी विचारणा सम्राट वेन यांच्याकडून त्यांना झाली. उत्तरात त्यांनी २५ रुग्णांची हकिगत दिली: रुग्ण कोण, नाडी कशी, निदान काय, पुढे काय झालं. त्यात दगावलेले रुग्णही आहेत. पुढे चिनी वैद्यकात अशा नोंदींचे मोठे संग्रह झाले. समोरचा रुग्ण जुन्या रुग्णासारखा कुठे आहे आणि वेगळा कुठे आहे, हे पाहून वैद्य औषध ठरवत.

आता आपल्या जवळचं उदाहरण पाहा. पनवेलहून गोवा महामार्गाने खाली गेलं की महाड लागतं. या भागात लाल विंचवाच्या दंशाने माणसं, विशेषतः मुलं, दगावत. १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. रुग्णाशेजारी बसून त्यांनी नोंदी ठेवल्या. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय आणि मग फुप्फुसात पाणी, हा क्रम पुन्हा पुन्हा दिसला. म्हणजे मृत्यूचं कारण हृदयावरचा ताण होता. विषामुळे रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून त्या सैल करणारं प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यांनी वापरलं. या दंशातलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पण ते नोंदींवरच थांबले नाहीत. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलं तर अधिक फायदा होतो का, हे त्यांनी ७० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून तपासलं. दोन्ही औषधं मिळालेले रुग्ण लवकर सावरले. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला.

जुना रुग्ण डॉक्टरांना दिशा दाखवतो, पण औषध लागू पडतं की नाही हे अशा तुलनेतूनच कळतं. काही रुग्ण आपोआपही बरे होतात, आणि बरे न झालेल्यांची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा:

- दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी घेऊ नका.
- आपले जुने केसपेपर, रिपोर्ट आणि कोणत्या औषधाने त्रास झाला याची नोंद एका फाइलमध्ये ठेवा.
- विंचू चावल्यावर उलट्या किंवा दरदरून घाम सुरू झाला, तर घरगुती उपायात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.

तुमची फाइल जितकी नीट, तितका तुमच्या डॉक्टरांचा अंदाज नेमका.