वरसईची कावड



गळा साथ देईना, म्हणून सहा वर्षांपूर्वी मी कीर्तनास उभे राहणे सोडले. आता दुपारी ओटीवर बसून वाचन करतो. परवा एक जुनी पोथीवजा प्रत पुन्हा हाती घेतली. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. या पुस्तकातला एक प्रसंग मी कीर्तनात दृष्टांत म्हणून पुष्कळ वर्षे सांगत आलो. पण पुस्तकाचा शेवट मात्र मी कधी सांगितला नाही. त्याचे कारण या लेखाच्या अखेरीस येईल.

गोडसे भटजी आपल्याच रायगड जिल्ह्यातले. पेण तालुक्यातले वरसई हे त्यांचे गाव. वेदविद्या शिकलेले, घरचे गरीब, डोक्यावर कर्ज. ते वारकरी नव्हते, भिक्षुक होते, हे आधीच सांगून ठेवतो. १८५७ साली, तिशीच्या सुमारास, ते काका रामभट यांच्यासह घराबाहेर पडले. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई मथुरेस मोठा यज्ञ करणार आणि त्यात अपार दानधर्म होणार, अशी वार्ता कानी आली होती. तिथे दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, वर तीर्थयात्राही घडेल, असा हिशेब. म्हाताऱ्या आईवडिलांची समजूत घालून दोघे निघाले.

आळंदी ते पंढरपूर ही आपली वाट अडीचशे किलोमीटरच्या आसपास. पेणहून काशी आजच्या रस्त्याने चौदाशे-पंधराशे किलोमीटर भरते, आणि ते तर वाकडी वाट करून ग्वाल्हेर, झांशी, अयोध्या हिंडले. त्या वेळी बोरघाटात रेल्वे नव्हती. पायी चालायचे, कुठे गाडीची सोबत मिळाली तर घ्यायची. दिंडीत आपल्या पुढेमागे शेकडो माणसे असतात, मुक्कामाला पंगत असते, चुकला तर हाक मारणारा असतो. या दोघांना अनोळखी मुलूख आणि वर बंडाचा वणवा. महूजवळ शिपायांनी त्यांना पुढच्या गडबडीची सूचना दिली होती. परत फिरावे की जावे, याचा काका-पुतण्यांनी विचार केला, आणि पुढे गेले.

झांशीत त्यांना लक्ष्मीबाईंचा आश्रय मिळाला. मार्च १८५८ मध्ये इंग्रजी फौजेने शहराला वेढा घातला. एप्रिलच्या आरंभी शहर पडले, आणि मग कत्तल आणि लूट. काका-पुतणे जीव मुठीत धरून लपले. जमवलेली दक्षिणा लुटीत गेली. राजवाड्यातला ग्रंथसंग्रह उद्ध्वस्त झाला, त्याची हळहळ भटजींनी मन लावून लिहिली आहे. ज्याचे स्वतःचे पैसे गेले, तो माणूस पोथ्यांसाठी रडतो, हे मला फार मोठे वाटते.

पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीशी त्यांना पुन्हा राणीसाहेब दिसल्या. पुरुषी पोशाख, अंगभर धूळ, तहानेने कासावीस. भटजी पाणी काढून द्यायला पुढे झाले. बाईंनी त्यांना थांबवले. आपण विद्वान ब्राह्मण, आपल्याला हे कष्ट नकोत, अशा भावाने त्यांनी स्वतः पाणी काढले आणि ओंजळीने प्यायल्या. राज्य गेले तरी मर्यादा गेली नाही. हाच तो माझा दृष्टांत. हा सांगितला की फडावर शांतता पसरे, आणि मी लगेच अभंगाच्या चरणावर येई.

आता शेवट ऐका. काशी-प्रयाग करून भटजी परत फिरले तेव्हा पैशांच्या हिशेबाने प्रवास फसलेला होता. ज्या कर्जासाठी निघाले ते फेडण्याजोगे हाती फारसे उरले नव्हते. पण त्यांनी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेतली, आणि ती वाहत पायी वरसईला आणली. घरच्यांनी त्यांची आशा सोडली होती. सुमारे तीन वर्षांनी मुलगा दारात उभा राहिला, आणि त्याने त्या पाण्याने आईवडिलांना गंगास्नान घातले.

माउली, आपल्या संप्रदायात कावडीचे मोल सांगायला नको. नाथमहाराजांनी रामेश्वराला न्यायचे गंगाजल तहानेल्या गाढवाच्या मुखी घातले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आणि आईबापांच्या सेवेत असलेल्या पुंडलिकाने देवाला विटेवर थांबवले, म्हणून तर आपल्याला पंढरी मिळाली. भटजी माळकरी नसतील, पण दक्षिणेसाठी निघालेला तो गृहस्थ पुंडलिकाच्या अंगणात येऊन पोहोचला.

हा वृत्तांत त्यांनी लिहिला १८८३ साली, म्हणजे पंचविसेक वर्षे उलटल्यावर. चिंतामणराव वैद्यांनी आग्रह धरला म्हणून लिहिला. तोवर मुंबईहून प्रयागपर्यंत रेल्वे जाऊ लागली होती. आपण पायी तुडवलेला मुलूख लोक गाडीत बसून ओलांडताना त्यांनी पाहिले असेल. वैद्यांनी पुस्तक १९०७ साली छापले, पण भाषा व मजकूर बदलून. भटजींचा मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांच्या संपादनाने १९६६ साली बाहेर आला. म्हणजे खरे शब्द लोकांपर्यंत यायला त्र्याऐंशी वर्षे लागली.

आता माझे. माझे वडील अलिबाग तालुक्यातल्या खारपट्टीत भातशेती करीत. आषाढीची वारी त्यांनी गुडघे चालेनात तोवर केली. मला आळंदीला शिकायला त्यांनीच धाडले. अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी एकच मागितले, “येताना चंद्रभागेचं पाणी आण रे.” मी वारीहून पाणी भरून घेतले. पण पुढे कीर्तनाच्या तारखा दिलेल्या होत्या. एक गाव, मग दुसरे, मग तिसरे. ते पाणी माझ्या पिशवीत पंधरा दिवस गावोगाव हिंडले. त्यांतल्या दोन गावांत मी पुंडलिकाच्या चरित्रावर निरूपण केले, लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. घरी पोहोचलो तो पहाटेच वडील गेले होते. चंद्रभागेच्या पाण्याने त्यांना आंघोळ घातली, पण ती शेवटची.

आईने मला शब्दाने दुखवले नाही. एवढेच म्हणाली, “परवापर्यंत विचारत होते.”

म्हणून गोडसे भटजींची विहीर मी सांगत राहिलो आणि कावड गाळत राहिलो. विहिरीत राणीचे मोठेपण होते, ते सांगायला सोपे. कावडीत माझे उणे होते. वेढ्यातून, लुटीतून, तीन वर्षांच्या वाटेने एका माणसाने पाणी वेळेवर पोहोचवले, आणि मला मोटारीच्या एका दिवसाच्या वाटेवर ते जमले नाही.

आता फडावर उभा राहत नाही, म्हणून इथे लिहिले. यंदा वारीहून निघालात की वाटेत हारतुरे, बोलावणी, सप्ताह पुष्कळ भेटतील. पिशवीत कुणासाठी पाणी असेल, तर आधी घरी जा. तारीख पुढे ढकलता येते.

रामकृष्णहरि.