घरघरीचा इतिहास

एकच विजेची बेस गिटार कॅलिफोर्नियांत आणि तेल्हाऱ्यास वाजविली, तर तिची घरघर तेल्हाऱ्यास अधिक खालच्या स्वरांत उठेल. कारण अमेरिकेंत विजेचा प्रवाह सेकंदास ६० आवर्तनें करतो, भारतांत ५०.

ही घरघर वाद्याच्या जन्मापासूनची आहे. १९५१ सालीं लिओ फेंडर यांनीं ‘प्रिसिजन बेस’ बाजारांत आणली. तिच्या तारांखालीं चुंबक व त्यांभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचें एकच वेटोळें होतें. तें तारांचा कंप टिपी, तशी घरांतील प्रवाहाची चाहूलहि टिपी. १९५५ सालीं गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनीं परस्परविरुद्ध दोन वेटोळ्यांच्या युक्तीचें पेटंट मागितलें. १९५७ सालीं फेंडर यांनींहि बेसचें वेटोळें तसेंच दुभागलें. स्वर राहिले, घरघर परस्परांत विरली.

तथापि त्यापूर्वींचीं वाद्यें आजहि घरघरतात, आणि तें थांबविण्यासाठीं कांहीं वादक ध्वनिवर्धकाची भूमितार तोडतात. हा उपाय घातक होय. बिघाड झाल्यास तीच तार प्रवाह जमिनींत नेते; ती नसेल, तर तो गिटारीच्या तारांतून वादकाच्या देहांत शिरूं शकतो. त्यापेक्षां वाद्याच्या पोकळीस आंतून तांब्याचा पातळ पत्रा लावून तो वाद्याच्या भूमितारेस जोडावा. थोडी घरघर उरलीच, तर ती सोसावी. प्राण तिच्याहून मोलाचे.