उकिरडा, ठराव आणि वर्गीकरण : नाटे परिसर व जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातील घरगुती कचऱ्याचा इतिहास

प्रस्तावना

ओला कचरा वेगळा व सुका कचरा वेगळा, हा नियम आज महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही पाठ आहे. तथापि नियम पाठ असणे आणि तो घरात पाळला जाणे यांत मोठे अंतर आहे. या अंतराचे कारण म्हणून अहवालांतून आणि परिसंवादांतून 'जनजागृतीचा अभाव' हा एकच शब्दप्रयोग वारंवार आढळतो. प्रस्तुत लेखात या कारणमीमांसेविषयी शंका उपस्थित केली आहे. कोकणातील घर कायद्याच्या कितीतरी आधीपासून कचऱ्याचे वर्गीकरण करीत होते. ते का करीत होते आणि नेमके कायदा येण्याच्या सुमारास ते का मोडले, हा प्रश्न इतिहासाचा आहे. तो सोडविल्याशिवाय आजच्या नियमपालनाची चर्चा अपुरी राहते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

विवेचनासाठी राजापूर तालुक्यातील नाटे व त्याचा परिसर नजरेसमोर ठेवला आहे. जैतापूरच्या खाडीकाठी वसलेले हे गाव यशवंतगडामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना, तर साखरी नाट्याच्या मासेमारी बंदरामुळे व्यापाऱ्यांना परिचित आहे. भातशेती, आंबा-नारळाच्या बागा आणि मासेमारी असे तीन व्यवसाय येथे शेजारी शेजारी नांदतात. साहजिकच तीन प्रकारचा कचराही येथे एकत्र येतो.

परसातील वर्गीकरण

जुन्या कोकणी घरात 'कचरा' हा शब्द अंगण झाडताना निघणाऱ्या पालापाचोळ्यापुरता मर्यादित होता. बाकी प्रत्येक वस्तूला नाव होते आणि जागा होती. शेण गायरीत जाई. पातेरा गोळा करून ठेवला जाई. तो, कवळ आणि शेण यांची भाजावळ करून त्या जमिनीत भाताचा तरवा पेरीत. चुलीतील राख भांडी घासण्यास आणि भाजीच्या वाफ्यास उपयोगी पडे. नारळाचे सोडण व करवंटी जळणास, झावळीचे हीर खराट्यास, न्हाणीचे पाणी अळूस व केळीस. मासळी साफ केल्यावर उरलेली डोकी, खवले व पाणी माडाच्या आळ्यात पुरले जाई. जुनी लुगडी गोधडीत जात. काचेची बाटली ही तर जपण्याचीच वस्तू होती. रॉकेल, खोबरेल आणि काढे यांच्यासाठी ती वर्षानुवर्षे वापरली जाई.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. ती पर्यावरणाच्या जाणिवेतून आलेली नसून टंचाईतून आलेली होती. शिवाय ती स्त्रियांच्या अविरत श्रमावर उभी होती आणि मेलेले जनावर ओढून नेण्यासारखी कामे जातीने ठरवून दिलेल्या माणसांवर लादलेली होती. मात्र एक गोष्ट निर्विवाद आहे. वेगळी काढलेली प्रत्येक वस्तू कोठे जाणार, हे वेगळी काढणाऱ्या व्यक्तीस ठाऊक होते. पुढील विवेचनाचा आधार हाच मुद्दा आहे.

कायदा गावात येतो

ग्रामीण स्वच्छतेसाठी मुंबई इलाख्यात १८८९ मध्ये स्वतंत्र कायदा करण्यात आला. गावपातळीवर आरोग्य समिती नेमणे, तिने स्वच्छतेचे नियम करणे व ते मोडणाऱ्यास दंड करणे, अशी त्याची दिशा होती. कल्पना कागदावर आकर्षक असली तरी आपल्याच भावकीतील माणसास उकिरड्याबद्दल दंड कोण करणार, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. कोकणात तर गावाची वस्ती वाड्यावाड्यांतून विखुरलेली असते. एका वाडीचा उकिरडा दुसऱ्या वाडीच्या नाकाला लागत नाही. देशावरील दाट वस्तीच्या गावांसाठी केलेली ही योजना येथे कितपत लागू पडत होती, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. खोताच्या सत्तेखालील गावात अशा समितीचे स्वरूप काय झाले असेल, याचाही अंदाज बांधता येतो. खोती पद्धती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये झाला, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

पुढे १८९६ मध्ये प्लेगची साथ आली आणि १८९७ च्या साथरोग कायद्यान्वये सरकार थेट घराच्या आत शिरले. पुण्यातील घरतपासणीच्या जुलमाची परिणती २२ जून १८९७ रोजी रँडवरील हल्ल्यात झाली. हा इतिहास सर्वपरिचित आहे. स्वच्छतेचा नियम आणि सरकारी जबरदस्ती यांची सांगड जनमानसात येथे पक्की झाली, एवढेच नमूद करून पुढे जाऊ.

स्वातंत्र्योत्तर काळात १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमाने केरकचऱ्याची विल्हेवाट हे ग्रामपंचायतीच्या कामांपैकी एक मानले. परंतु दीर्घकाळ या तरतुदीस फारसे काम नव्हते, कारण विल्हेवाट लावण्यासारखे घराबाहेर फारसे येतच नव्हते.

दोन वाटा : शहराला नियम, गावाला स्पर्धा

अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेतून नागरी घनकचरा (व्यवस्थापन व हाताळणी) नियम, २००० जन्माला आले. हे नियम नगरपालिका-महानगरपालिकांपुरते होते. त्याच सुमारास, २०००-०१ मध्ये, तत्कालीन ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. म्हणजे एकाच वेळी शहराच्या वाट्याला नियम आले आणि गावाच्या वाट्याला स्पर्धा.

अभियानाचे यश कमी लेखता येणार नाही. सरकारी अनुदानाची वाट न पाहता गावे हातात खराटा घेऊन बाहेर पडली, हे दृश्य अनेक प्राध्यापक मित्रांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत स्वतः पाहिले आहे. तथापि स्पर्धेस एक स्वाभाविक मर्यादा असते. तपासणी समिती येऊन गेल्यावर ती संपते. अभियानाचा व पाठोपाठ आलेल्या निर्मल ग्राम पुरस्काराचा मुख्य भर शौचालयावर होता, आणि त्या काळी तो योग्यच होता. प्लॅस्टिक हा विषय तेव्हा गावात नुकताच शिरत होता.

तो कसा शिरला, हे पाहण्यासारखे आहे. गॅसची शेगडी आली आणि राख गेली. गुरे कमी झाली, गोठे रिकामे झाले, त्याबरोबर गायरी बुजली. रासायनिक खतामुळे भाजावळीची निकड उरली नाही. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला आणि गणपतीस येणाऱ्या चाकरमान्यांबरोबर मुंबईची बाजारपेठही पिशव्यांतून गावात उतरू लागली. हापूसच्या बागांत औषधांच्या बाटल्या आल्या. बंदरावर सुती जाळ्यांची जागा नायलॉनने घेतली आणि मासळीसाठी थर्माकोलच्या पेट्या आल्या. यांपैकी एकही वस्तू माडाच्या आळ्यात पुरण्याजोगी नव्हती. जुन्या वर्गीकरणातील जागा नाहीशा झाल्या. नव्या वस्तूंना जागाच मिळाली नाही. मग उरले दोनच मार्ग : जाळणे किंवा पऱ्ह्यात टाकणे. पावसाळ्यात पऱ्ह्या खाडीला मिळतो आणि भरतीबरोबर तेच परत किनाऱ्यावर येते.

प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी प्रथमच ग्रामपंचायतींवर स्पष्ट जबाबदारी टाकली. २०१६ च्याच घनकचरा नियमांत घराने कचरा तीन प्रकारांत वेगळा द्यावा असे सांगितले होते. त्या नियमांचा भर मात्र नागरी क्षेत्रे व जनगणना-नगरे यांवर राहिला. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी घातली. त्यात पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० रुपये व तिसऱ्यास २५,००० रुपये दंड व कैद, अशी तरतूद होती. गावातील किराणा दुकानदारास एवढा दंड करण्याचे धैर्य कोणत्या ग्रामसेवकाला होईल? १८८९ ची अडचण येथे नव्या आकड्यांसह पुन्हा उभी राहते. स्वच्छ भारत अभियानाच्या २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावास माणशी ६० रुपये व त्याहून मोठ्या गावास माणशी ४५ रुपये, तर प्लॅस्टिकसाठी तालुक्यास एक केंद्र व त्याकरिता १६ लाख रुपयांपर्यंत निधी, अशी रचना करण्यात आली. माणशी ६० रुपयांत खड्डा खणता येतो, पण वाडीवाडीतून फिरणाऱ्या गाडीचे डिझेल त्यातून भागत नाही.

वेंगुर्ले : एक प्रतिउदाहरण

१९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच असलेल्या वेंगुर्ल्याचे उदाहरण या संदर्भात महत्त्वाचे आहे. सुमारे १२ हजार लोकवस्तीच्या या नगरपरिषदेत २०१५ पासून मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात घरोघरी वर्गीकरण सुरू झाले. वेगळा न केलेला कचरा स्वीकारायचा नाही, असा पवित्रा नगरपरिषदेने घेतला. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस होऊ लागला, प्लॅस्टिकचा चुरा डांबरी रस्त्यांत वापरला गेला आणि कचरा डेपोची जागा लोकांनी पाहावयास यावे अशी झाली. डेपोवर पुढे वीसहून अधिक प्रकारांत विभागणी होऊ लागली.

या यशाचे श्रेय सामान्यतः कडक शिस्तीस दिले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ते अर्धेच खरे आहे. घरातील बाईने वेगळे केलेले गाडीतही वेगळे राहिले आणि डेपोवरही वेगळे राहिले, हे तिथे कोणालाही जाऊन पाहता येत होते. अनेक गावांत व शहरांत घरी वेगळे केलेले घंटागाडीत डोळ्यांदेखत एक होते. ते पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी वेगळे करण्याचे श्रम कोणी घेतले नाहीत, तर त्यास अज्ञान म्हणता येणार नाही. जपानमधील कामिकात्सु या छोट्या डोंगरी गावाने २००३ मध्ये शून्य कचऱ्याचा संकल्प केला. तेथे गाडीच नाही. रहिवासी स्वतः केंद्रावर कचरा नेतात व चाळीसहून अधिक प्रकारांत लावतात, आणि कोणत्या प्रकाराचे पुढे काय होते ते प्रत्येक खणावर लिहिलेले असते. परसातील जुन्या वर्गीकरणाशी याचे नाते उघड आहे.

नाट्याचा प्रश्न

नाटे परिसराच्या बाबतीत आणखी एक संदर्भ दृष्टिआड करता येत नाही. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाला विरोध करताना येथील मच्छिमारांनी जे प्रश्न विचारले, त्यांत गरम पाणी समुद्रात कोठे सोडणार आणि किरणोत्सारी कचऱ्याचे काय करणार, हे प्रमुख होते. १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाटे येथील आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला व त्यात एका मच्छिमाराचा मृत्यू झाला. आपल्या दारातील पिशवीचे काय करता, असे शासन ज्या गावाला विचारते, त्या गावाने शासनाला त्याच स्वरूपाचा प्रश्न आधीच विचारलेला आहे. प्रकल्पाविषयी कोणाचे काहीही मत असो, शासनावरील विश्वास हा नियमपालनाचा एक घटक असतो आणि तो कोणत्याही जनजागृतीच्या फलकावर रंगविता येत नाही.

प्रस्तुत लेखकाचे आजोळ याच किनाऱ्यावरचे. आजीच्या वेळची गायरी आता नाही. त्या जागी मामाने मोटारसायकलसाठी पत्र्याची शेड केली आहे. मामी आजही दुधाच्या पिशव्या धुऊन दांडीवर वाळत घालते. काचा एका फुटक्या बादलीत, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या दुसऱ्या डब्यात. भंगारवाला वर्षातून दोनदा येतो. पत्रा व लोखंड नेतो, काच व पिशव्या नेत नाही. "वेगळं करायला मला कोणी शिकवायला नको," ती म्हणाली, "पण देऊ कोणाला ते सांग." मागील दिवाळीत बादली भरली, तेव्हा तिने ती गडग्याच्या कडेला मातीत ओतली आणि पुन्हा रिकामी बादली पडवीत आणून ठेवली.