आठ आण्यांपासून दत्तक-अर्जापर्यंत

स्मरणिका समितीचा निरोप आला, "काका, तुम्ही पहिले सेक्रेटरी, सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा." बिल्डरशी झालेली भांडणं, पाण्याची टाकी, कन्व्हेयन्स यांवर इतर मंडळी लिहितीलच. मी म्हटलं, आपल्या आवारातल्या ज्या रहिवाशांचं नाव शेअर सर्टिफिकेटवर नाही, त्यांच्याबद्दल लिहावं. म्हणजे कुत्र्यांबद्दल. त्यात माझ्या हातून झालेली एक चूक आहे आणि तिची नोंद आजवर राहून गेली आहे.

सुरुवात थोडी मागून करतो. माझी निम्मी नोकरी फोर्टातल्या शाखेत गेली. त्याच फोर्टात कुत्र्यांवरून दंगल झाली होती, हे मला निवृत्तीनंतर वाचनाचा नाद लागला तेव्हा कळलं. साल १८३२. उन्हाळ्यात कुत्री पिसाळतात या समजुतीने कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा नियम १८१३ पासूनच केला होता. १८३२ मध्ये ही मुदत वाढवली गेली. एका कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतं. नगावर पैसे मिळणार म्हटल्यावर मोकाट कोण आणि पाळीव कोण हे कोण पाहतो? लोकांच्या दारातली कुत्रीही ओढून नेऊ लागले.

पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान आहे. माणूस गेल्यावर त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पडावी लागते, त्या विधीला 'सगदीद' म्हणतात. ६ जूनला फोर्टात संतापलेल्या पारशी लोकांनी कुत्री मारणाऱ्या शिपायांना चोप दिला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. जैन आणि हिंदू मंडळीही सामील झाली. कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी रसद अडवली गेली. शेवटी लष्कर आलं, धरपकड झाली, खटले चालले. पण जमशेटजी जिजीभाईंनी सरकारकडे अर्ज केला, की कुत्री मारू नका, शहराबाहेर हलवा. पुढे १८३४ मध्ये त्यांच्या आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने भुलेश्वरचा पांजरापोळ उभा राहिला. आज तो गायींसाठी ओळखला जातो, पण त्यामागे कुत्र्यांचा हा तंटा होता.

सरकारची भीती अगदीच खोटी होती असं मात्र नाही. पिसाळलेला कुत्रा चावला तर त्या काळी उपायच नव्हता. लुई पाश्चरने चावलेल्या मुलाला पहिली लस टोचली ती १८८५ मध्ये. माझ्या पिढीला पोटात घ्यायची ती चौदा इंजेक्शनं चांगली आठवत असतील! त्याच सुमारास परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं इस्पितळ सुरू झालं. गिरणगावात सगळे त्याला 'बैलघोडा' म्हणतात. पूर्ण नाव सांगितलं तर टॅक्सीवालाही गोंधळेल.

तरी कुत्री मारणं काही थांबलं नाही. महापालिकेने ते पुढे कित्येक वर्षं चालू ठेवलं. संख्या घटली का? नाही. कचरा तिथेच आणि खाणं तिथेच, म्हणून मोकळ्या झालेल्या जागेत शेजारच्या भागातली कुत्री येत राहिली. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून १९६० चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. १९९४ च्या सुमारास मुंबईने मारण्याऐवजी नसबंदीचा रस्ता धरला आणि २००१ मध्ये देशभरासाठी नियम आले. कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण करायचं आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं, असं त्यांत लिहिलं होतं.

आता माझी चूक. हे नियम आले तेव्हा मी सेक्रेटरी होतो आणि मी ते वाचलेले नव्हते. बँकेत प्रत्येक सर्क्युलर वाचून सही करणारा माणूस मी! २००३ मध्ये आपल्या गेटवर राणी नावाची तांबूस कुत्री असायची. ती स्टिल्टमध्ये व्याली, सहा पिल्लं झाली. पिल्लांजवळ गेलेल्या एका मुलावर ती धावून गेली. चावली नाही, पण मुलाची आई घाबरली आणि ते साहजिकच होतं. तातडीची मीटिंग झाली. कुणीतरी एक टेम्पोवाला आणला. तो राणीला खाडीपलीकडे सोडून आला. "पिल्लांचं बघू" असं ठरलं आणि कुणीच बघितलं नाही. व्हाउचरवर माझी सही आहे : किरकोळ खर्च, रुपये ६००.

राणी परत आली नाही. आपल्या तेव्हाच्या वॉचमनने कापसाच्या बोळ्याने दूध पाजलं, तरी चार पिल्लं आठवड्याभरात गेली. दोन महिन्यांत गेटवर तीन अनोळखी कुत्री आली आणि रात्रभर भुंकू लागली. पुढे १८३२ ची हकीकत वाचताना 'आठ आणे' या शब्दांपाशी मी अडखळलो. आमचा दर ६०० रुपये होता, एवढाच फरक.

उरलेल्या दोघांपैकी एक आमच्या हिने पदरात घालून घरी आणलं. तो चिकू, चौदा वर्षं आमच्याकडे होता. दुसऱ्यासाठी आमच्या डॉक्टरांच्या ओळखीने डोंबिवलीत घर मिळालं. तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. आजपर्यंत तीत तेवीस नावं आहेत. आपल्या आवारातून किंवा आजूबाजूने ज्यांना घर मिळालं, ती ही तेवीस.

सुरुवातीला मी जो मागेल त्याला पिल्लू देत असे. एका गृहस्थांनी मुलीच्या वाढदिवसाला नेलं आणि विसाव्या दिवशी परत आणलं, "आईंना चालत नाही." मग मी कर्ज मंजूर करताना करायचो तशी चौकशी सुरू केली. घरातल्या सगळ्यांची तयारी आहे का? घर भाड्याचं असेल तर मालकाला विचारलंय का? गावाला गेल्यावर कोण सांभाळणार? दोन महिन्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडायचं नाही. लसी आणि नसबंदी यांचं लेखी कबूल करायचं. महिन्याने मी चहाला जाणार, हेही आधीच सांगून ठेवायचं. लोक हसतात, पण त्यानंतर परत आलेली केस एकच. लॉकडाउननंतर आपल्या गेटला कुणीतरी पट्ट्यासकट लॅब्रॅडोर बांधून गेलं होतं, त्याला नेणाऱ्या पहिल्या कुटुंबाला तो झेपला नाही. आता तो सी विंगमधल्या ज्येष्ठ जोडप्याकडे आहे आणि दोघांचं सकाळचं फिरणं त्याच्यामुळे चुकत नाही.

ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते त्यांच्यावर मी कधी हसलो नाही. चावलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायची, कुत्रं ओळखीचं असलं तरीही. २०२३ च्या नव्या नियमांनी खायला घालण्याची जागा ठरवण्याची जबाबदारी सोसायटीवर टाकली आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्येही ठरावीक जागीच खायला घालायला सांगितलं. आपण पंप रूममागची जागा ठरवली, तीही मुलांच्या खेळण्याच्या वेळा सोडून. गेटवरच्या चारही कुत्र्यांच्या कानाला खूण आहे, म्हणजे नसबंदी झालेली आहे. तेव्हापासून भांडणं कमी झाली, हे सर्वजण मान्य करतील.

आता माझे गुडघे महिन्याच्या चहाला जाऊ देत नाहीत. ही वही मी नव्या समितीकडे देऊ इच्छितो. कुणी तरुण पुढे आला तर बरं होईल. पहिल्या पानाला ६०० रुपयांच्या व्हाउचरची झेरॉक्स चिकटवली आहे, ती कृपया काढू नये. बँकेत चुकीची नोंद खोडत नाहीत, तिच्यासमोर दुरुस्तीची नोंद घालतात. तेवीस घातल्या आहेत. चोविसाव्या नोंदीसाठी जागा सोडली आहे. पार्किंगमध्ये सध्या एक काळं पिल्लू आहे.