शिवराईची पारख आणि जतन

रायगडावर ६ जून १६७४ रोजीं शिवाजीमहाराजांना राज्याभिषेक झाला. त्यांच्या नांवाचा सोन्याचा होन आज अत्यंत दुर्मिळ आहे. तांब्याची शिवराई मात्र बाजारहाटांतून पिढ्यान् पिढ्या फिरत राहिली. पेशवाईंत ती पाडली जात होती, आणि १८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावरहि कांहीं काळ तिची पाडणी चालू होती. म्हणून देवघरांतील प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातींतील असेलच, असें नाहीं.

शिवराईच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ हीं अक्षरें तीन ओळींत व दुसऱ्या बाजूस ‘छत्र पति’ हीं दोन ओळींत असतात. भोंवतीं ठिपक्यांचें वर्तुळ असतें. तांब्याची चकती ठशावर ठेवून वरून घण मारीत. ठसा बहुधा चकतीहून मोठा असे, त्यामुळें कडेचीं अक्षरें तुटलेलीं दिसतात. तो नाण्याचा दोष नव्हे. ओळींच्या मध्यें दोन समांतर रेघा असलेली ‘दुदांडी’ शिवराई उत्तरकालीन होय. जुन्या नाण्याचें वजन साधारणतः तोळ्याच्या आसपास, नंतरच्यांचें पुष्कळदां कमी भरतें. पृष्ठावर बारीक बुडबुड्यांचे खळगे व कडेला सांध्याची रेघ दिसल्यास नाणें ओतीव बनावट असल्याचा संशय घ्यावा.

प्रत ठरवितांना झीज आणि अपुरा ठसा यांत भेद करावा. सर्वच अक्षरांचे माथे सपाट झाले असतील, तर ती हातोहात फिरल्याची झीज. एक बाजू पुसट, पण उरलेलीं अक्षरें धारदार असतील, तर घाव तिरपा बसला असें समजावें. नाणें मध्यावर पडलेलें, अक्षरें पूर्ण व पृष्ठ अखंड असेल, तर तें उत्तम प्रतीचें.

आतां स्वच्छतेविषयीं. सणावारीं देवाच्या उपकरणांबरोबर शिवराईहि चिंच आणि राखेनें घासण्याची चाल घरोघर आहे. या घासण्यानें जितकीं अक्षरें नष्ट झालीं असतील, तितकीं क्वचितच मातीनें नष्ट केलीं असतील! नाण्यावरील काळसर वा हिरवट घट्ट थर ही तांब्याची संरक्षक त्वचा होय. आम्लानें ती विरघळते, आणि राखेच्या घर्षणानें अक्षरांची धार जाते. याकरितां नाणें ऊर्ध्वपातित पाण्यांत भिजत ठेवावें, पाणी वरचेवर बदलावें, सैल झालेली माती मऊ कुंचल्यानें व भिंगाखालीं लांकडी काडीनें काढावी, आणि नाणें पूर्ण वाळवावें. घट्ट थरास हात लावूं नये.

फिकट हिरवी भुकटी पुसल्यावर पुनः उगवत असेल, तर मात्र तो रोग समजावा. आंतील क्षार व हवेंतील ओलावा यांपासून आम्ल बनतें, आणि तें तांबें खात जातें. असें नाणें वेगळें, कोरड्या जागीं ठेवून तज्ज्ञाकडे द्यावें. पीव्हीसीच्या मऊ पिशव्यांतूनहि कालांतरानें आम्ल सुटतें. त्यांऐवजीं आम्लरहित कागदाचें पाकीट वापरावें.

शेतांत पुरलेला सांठा सांपडल्यास तो धुण्यापूर्वीं व वांटण्यापूर्वीं १८७८ च्या निखात निधि कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यास कळवावा. दहा रुपयांहून अधिक किंमतीच्या ठेव्यास हें बंधन आहे. एकत्र सांपडलेलीं नाणीं परस्परांचा काळ सांगतात. तीं विखुरलीं, कीं हा पुरावा पुनः जुळवितां येत नाहीं.