कातणे : एक शब्द, दोन कामे

स्वयंपाकघरातले एखादे जुने लाटणे हातात घ्या आणि त्याची दोन्ही टोके नीट न्याहाळा. टोकाच्या मध्यावर बहुधा एक बारीक खळगा किंवा त्याची खूण दिसेल. लाटणे घडवताना लाकडाचा तुकडा ज्या दोन अणकुचीदार टोकांमध्ये धरला होता, त्यांची ही खूण. त्या टोकांमध्ये लाकूड गरगर फिरत होते आणि कारागिराने त्याला धारदार हत्यार लावून धरले होते. या कामाला मराठीत 'कातणे' म्हणतात आणि ते करणाऱ्याला 'कातारी'.

गिरगावातल्या जुन्या लाकडी घरांत आणि चाळींत कातलेल्या वस्तू जागोजागी भेटतात. जिन्याच्या कठड्याचे दांडे, देव्हाऱ्याचे चिमुकले खांब, पाळण्याचे रंगीत दांडे, बुद्धिबळाची प्यादी, मुलांचा भोवरा. या वस्तू कोणी केल्या हे आपण सहसा विचारत नाही. सुताराने केल्या असतील, एवढे म्हणून सोडून देतो.

पण 'कातणे' हा शब्द ऐकला की आपल्याला आधी आठवते ते सूत. कापसाचे पेळू ओढून, पीळ देऊन धागा काढणे हेही कातणेच. संस्कृतातही 'कृत्' या धातूचे दोन अर्थ आहेत, कापणे आणि सूत कातणे. लाकूड कातण्यात आणि सूत कातण्यात एक गोष्ट समान आहे. दोन्हीकडे एका आसाभोवती सतत फिरणारी वस्तू लागते. मुंबईत या दोन कामांची गाठ पडली, आणि तीही लालबाग-परळच्या गिरण्यांत. ती कशी पडली आणि त्यातून शिक्षकांनी काय घ्यावे, हे या लेखात पाहू.

लाकूड फिरते, हत्यार थांबते

सुताराच्या नेहमीच्या कामात लाकूड जागेवर असते आणि करवत, रंधा किंवा वाकस हलतो. कातकामात नेमके उलटे होते. लाकूड फिरते आणि हत्यार टेकूवर थांबते. हत्याराची धार आसापासून ठरावीक अंतरावर राहिली, की लाकडावरचा प्रत्येक बिंदू आसापासून तेवढ्याच अंतरावर येतो. भूमितीच्या पुस्तकातली वर्तुळाची व्याख्या हीच आहे. कातारी वर्तुळ काढत नाही, पण त्याचे यंत्र ती व्याख्या प्रत्येक फेऱ्याला पाळते.

या यंत्राचे म्हणजे लेथचे सर्वांत जुने स्पष्ट चित्र इजिप्तमध्ये पेटोसिरिस याच्या थडग्यात कोरलेले आहे. ते इ.स.पूर्व ३०० च्या सुमाराचे आहे. त्यात एक माणूस दोरी ओढून लाकूड फिरवतो आहे आणि दुसऱ्याने हत्यार धरले आहे. आपल्याकडचा कातारीही असाच काम करी. मदतनीस नसेल तर तो जमिनीवर बसून एका हाताने दोरीचे धनुष्य पुढेमागे ओढी, दुसऱ्या हाताने हत्यार धरी आणि ते पायाच्या बोटांनी सावरी. सुताराचा भोक पाडण्याचा सामताही याच तत्त्वावर चालतो. हे यंत्र आपल्या पूर्वजांच्या किती परिचयाचे होते, ते एका पुराणकथेवरून कळते. सूर्याचे तेज पत्नी संज्ञेला सोसवेना, म्हणून तिच्या पित्याने, विश्वकर्म्याने, सूर्याला यंत्रावर चढवून त्याचे तेज तासून कमी केले, अशी ती कथा. कालिदासानेही 'रघुवंशा'त याच प्रसंगाची उपमा दिली आहे.

धनुष्याच्या यंत्रात मात्र एक उणीव असते. लाकूड एकदा सुलटे फिरते आणि एकदा उलटे. हत्यार फक्त सुलट्या फेऱ्यात कापते, म्हणजे निम्मा वेळ आणि निम्मी मेहनत वाया जाते. पायटा, भुजा आणि जड चाक यांच्या साहाय्याने सलग एकाच दिशेने फिरणाऱ्या लेथचे रेखाटन लिओनार्दो दा विंची याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस केलेले आढळते. पुढे इंग्लंडमध्ये हेन्री मॉडस्ले याने १८०० च्या सुमारास हातातले हत्यार लोखंडी सरकपट्टीवर बसवले आणि लेथवर अचूक आटे पाडून दाखवले. एकसारखे स्क्रू बनू लागले, म्हणून एकसारखी यंत्रे बनू लागली. लेथला यंत्रांची आई म्हणतात ते यासाठीच.

लाखेचा रंग

गिरण्यांत काम करायला मुंबईला आलेल्या कामगारांत कोकणातली माणसे फार मोठ्या संख्येने होती. त्यांच्या मुलुखात सावंतवाडीला चितार आळी आहे. तेथली लाकडी फळे, खेळणी, पाट-पोळपाट प्रसिद्ध आहेत. गावी जाऊन आलेल्या चाकरमान्याच्या ट्रंकेत मुलांसाठी असा एखादा भोवरा असे.

लाखेचे रंगकाम हा वर्गात सांगण्याजोगा विषय आहे. कातलेली वस्तू यंत्रावर फिरत असतानाच तिला रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाने उष्णता निर्माण होते. लाख साधारण ७५ ते ८० अंश सेल्सिअसला मऊ होते आणि फिरत्या लाकडावर आपोआप पसरते. नंतर केवड्याचे पान घासले की चकाकी येते. इथे ब्रश नाही, चूल नाही. हालचालीचे उष्णतेत रूपांतर होते हा पाठ त्या कारागिराने आठवीच्या पुस्तकातून घेतलेला नसतो, पण त्याचे सारे काम त्याच पाठावर चालते.

बॉबिनचा हिशेब

मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केली आणि ती १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, वरळी हा सारा टापू गिरणगाव झाला. यंत्रे मुख्यतः लँकेशायरहून येत. यंत्रे लोखंडाची होती खरी, पण सूत ज्यावर गुंडाळले जाई ती बॉबिन, मागातली कांडी आणि धोटा हे दीर्घकाळ लाकडाचेच होते. लँकेशायरला बॉबिन पुरवण्यासाठी इंग्लंडच्या सरोवरांच्या प्रदेशात लाकूड कातण्याचे स्वतंत्र कारखाने उभे राहिले. त्यांपैकी १८३५ साली बांधलेला स्टॉट पार्कचा कारखाना १९७१ पर्यंत चालू होता. आज तो संग्रहालय म्हणून जपला आहे. सूत कातायचे तर आधी लाकूड कातावे लागे, ते असे.

आता एक हिशेब करू. मध्यबिंदूपासून गुरुत्वमध्य केवळ एक मिलिमीटर सरकलेली ५० ग्रॅमची बॉबिन घ्या. ती मिनिटाला ३०० फेरे घेत असेल, तर तिचा आसावर पडणारा ओढा सुमारे ५ ग्रॅम वजनाएवढा असतो, म्हणजे जाणवणारही नाही. गिरणीच्या रिंग खात्यातली चाती मिनिटाला ९,००० फेरे घेते असे धरा. वेग ३० पट झाला. ओढा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तो ९०० पट होतो, म्हणजे सुमारे साडेचार किलो वजनाएवढा. आणि हा ओढा सेकंदाला १५० वेळा दिशा बदलत फिरतो. अशाने चाती थरथरते, धागा तुटतो आणि साधनही झिजते. चाळीतल्या लाटण्याला मिलिमीटरभर चूक चालते, गिरणीतल्या बॉबिनला चालत नाही. अचूकतेची गरज कोठून येते, हे विद्यार्थ्यांना समजावायला याहून सोपे उदाहरण आम्हाला माहीत नाही.

माझगावचा बंगला

अशी कामे हाताने करणारा आणि त्यांचा हिशेबही मांडणारा माणूस आपल्या शहरात निर्माण होऊ शकतो का? तो गिरण्यांच्याही आधी होऊन गेला होता. १७३६ साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हे सुतार जहाजबांधणीसाठी मुंबईला आले. त्यांच्या घराण्यातले अर्देशिर कर्सेटजी वाडिया (१८०८–१८७७) हे १८२२ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, गोदीत कामाला लागले. वाफेच्या यंत्राचे त्यांना वेड होते. १८३३ साली त्यांनी 'इंडस' हे ६० टनांचे जहाज तयार केले. १८३४ मध्ये त्यांनी लालबागपासून जवळच असलेल्या माझगावातल्या आपल्या बंगल्यात आणि बागेत गॅसचे दिवे लावून दाखवले. घर हीच त्यांची प्रयोगशाळा होती. २७ मे १८४१ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो निवडले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. दुसरे भारतीय रामानुजन, तेही १९१८ साली.

सुताराच्या घराण्यातून रॉयल सोसायटीत जाणारी वाट होती. ती रुंद का झाली नाही? आमच्या मते याचे मोठे कारण आपल्या समाजरचनेत आहे. कातारी ही आपल्याकडे जात ठरली. ज्याच्या हातात पटाशी त्याच्या हातात पुस्तक नाही, आणि ज्याच्या हातात पुस्तक त्याला पटाशी धरणे कमीपणाचे, अशी वाटणी शतकानुशतके चालली. १८८७ साली भायखळ्याला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. १९२३ मध्ये माटुंग्याला गेलेली हीच आजची व्हीजेटीआय. १८९१ मध्ये जे. जे. कलाशाळेला जोडून रे आर्ट वर्कशॉप्स सुरू झाल्या. त्यांनी ही वाटणी थोडी पुसली. पण शाळांपर्यंत ते लोण पोहोचले नाही.

शाळेतले कातकाम

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाची कल्पना मांडली. डॉ. झाकिर हुसेन समितीच्या अभ्यासक्रमात सूतकताई होती आणि सुतारकामही होते. म्हणजे 'कातणे'चे दोन्ही अर्थ शाळेच्या दारात आले होते. कोठारी आयोगाने (१९६४–६६) 'कार्यानुभव' सुचवला. प्रत्यक्षात अनेक शाळांत कार्यानुभव म्हणजे आयत्या वस्तू चिकटवून भरलेली वही झाली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्याही एकेक करून बंद पडल्या. ज्या मुलांचे आजोबा रिंग खात्यात होते, त्यांना आता बॉबिन दाखवली तर ती फुलदाणी वाटते.

म्हणून आम्ही काही शिक्षकांनी मिळून धनुष्याचा लेथ करून पाहिला. फारसे काही लागत नाही. जाड फळी, तिच्यावर उभे केलेले दोन ठोकळे, त्यांतून समोरासमोर आलेले दोन अणकुचीदार बोल्ट, हत्यार टेकायला आडवी पट्टी आणि बांबूचे धनुष्य. पावसाळ्यापूर्वी महापालिका रस्त्यावरच्या झाडांच्या फांद्या छाटते. त्यातली मनगटाएवढी सरळ फांदी घेतली. ओले लाकूड मऊ असते, त्यामुळे कातायला सोपे जाते. एका मुलाने धनुष्य ओढायचे, दुसऱ्याने पटाशी टेकूवर घट्ट धरायची आणि उलट्या फेऱ्याला किंचित मागे घ्यायची. डोळ्यांवर चष्मा सर्वांना सक्तीचा.

पहिला भोवरा तयार झाला. आर ठोकली, जाळी गुंडाळली, फेकला, आणि तो लटपटत जाऊन कोलमडला. आर मध्यावर नव्हती. दुसरा छान फिरला, पण पंधरा दिवसांनी तोही लटपटू लागला. मोजपट्टी लावली तेव्हा कळले, की गोल भोवरा लंबगोल झाला आहे. लाकूड वाळताना वार्षिक वलयांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडच्या दिशेने आकसते. हे आम्ही मुलांना सांगितले नाही. वाळायला ठेवलेल्या फांदीच्या चकत्या त्यांनी रोज मोजल्या आणि तक्ता केला.

तिसऱ्या भोवऱ्यासाठी वाळलेले लाकूड घ्यायचे, हे मुलांनीच ठरवले. तो कातायला दुप्पट वेळ लागला आणि पटाशीला तीनदा धार लावावी लागली. हा भोवरा अजून फिरतो. आपल्या शाळेतही एक फळी आणि दोन बोल्ट सहज मिळतील. पहिला भोवरा लटपटला तर निराश होऊ नका. तो का लटपटला, हे मुलांना शोधू द्या.